अदृश्य गळती आणि अर्थापत्ती

मोटारीचे इंजिन थंड ठेवणारी व्यवस्था बंदिस्त असते. रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रबरी होज पाइप, ब्लॉक आणि हेड यांच्या आतल्या पोकळ्या, केबिनमधला हीटर आणि बाजूची अर्धपारदर्शक टाकी यांतून तेच ते कूलंट फिरत राहते. इंजिन ऑइल थोडेफार जळते, ब्रेकचे लायनर झिजतात. कूलंट मात्र खर्च होण्याची वस्तू नव्हे. निरोगी गाडीत त्याची पातळी महिनोन्महिने जवळपास एकाच खुणेवर राहते. ती खालच्या खुणेच्याही खाली गेली, तर कूलंट कुठून तरी निसटले हे निश्चित. पण पुष्कळदा गाडीखालची फरशी कोरडी असते, होजला हात लावला तर ओल लागत नाही, टॉर्च मारून पाहिले तरी थेंब सापडत नाही. ‘गाडी पाणी खाते’ असे मिस्त्री म्हणतो आणि कामाला लागतो. गळती त्याने पाहिलेली नसते, तरी ती आहे याविषयी त्याच्या मनात शंका नसते. हे ज्ञान कोणत्या प्रकारचे आहे, ते कशावर उभे आहे आणि त्याच्या जोरावर इंजिन उघडायला घ्यावे का, हा मुळात प्रमाणशास्त्राचा प्रश्न आहे. न्याय, मीमांसा आणि बौद्ध तर्कशास्त्र यांनी तो अनेक शतके एकमेकांशी वाद घालत सूक्ष्म केला, आणि आयुर्वेदाने तो रोग्याच्या उशाशी बसून हाताळला.

प्रश्न नीट समजायचा तर गळती का लपते, हे आधी पाहावे लागते. कूलंट म्हणजे साधारण निम्मे पाणी आणि निम्मे एथिलीन ग्लायकॉल, त्यात गंज रोखणारी द्रव्ये. हे मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही आणि समुद्रसपाटीला उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंशांना उकळते. इंजिनाच्या कामाला एवढी मर्यादा पुरत नाही. थर्मोस्टॅटच मुळी ८२ ते ९० अंशांच्या आसपास उघडतो, आणि हेडमधल्या काही जागा त्याहून पुष्कळ जास्त तापतात. म्हणून प्रेशर कुकरमध्ये वापरतात तीच युक्ती इथे वापरलेली असते. रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग आत साधारण १३ ते १६ पीएसआय दाब राखते, आणि १५ पीएसआयच्या दाबाखाली हेच मिश्रण सुमारे १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. पण दाबामुळेच बारीक चीर उघडते. इंजिन तापलेले आणि दाब चढलेला असताना चिरेतून फवारा उडतो, तो एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीवर पडतो आणि वाफ होऊन निघून जातो. इंजिन थंड झाले की दाब उतरतो, चीर मिटते. गरम इंजिनाचे झाकण उघडणे धोक्याचे असते, कारण दाब सुटताच आतला द्रव उसळतो आणि चेहरा, हात भाजतात. त्यामुळे माणूस निवांत वाकून पाहू शकतो तो वेळ आणि गळती चालू असते तो वेळ सहसा एक नसतो.

काही गळत्या अर्थातच सरळ डोळ्यांना दिसतात, आणि तिथे प्रत्यक्ष प्रमाणच पुरते. होजच्या क्लिपपाशी ओल असते, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या सांध्यावर हिरवट किंवा गुलाबी खरपुडी धरलेली असते. कूलंटचा रंग कंपनीगणिक वेगळा असतो, पण वाळलेल्या क्षारांचा तो थर सहसा ओळखू येतो. वॉटर पंपाच्या अंगात एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की कूलंट बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी या भोकातून बाहेर ठिबकते. न दिसणाऱ्या बिघाडाला दिसण्याजोगे करण्यासाठी यंत्र बनवणाऱ्यानेच केलेली ही सोय आहे, आणि ज्ञानाच्या दृष्टीने ती फार मोलाची आहे.

प्रत्यक्ष म्हणजे केवळ डोळा नव्हे. हीटरचा आतला गाभा फुटला तर केबिनमध्ये गोडसर वास येतो, काचेवर तेलकट धुके बसते, डाव्या सीटसमोरचा गालिचा ओलसर लागतो. एक इंद्रिय मात्र इथे वर्ज्य आहे. ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते; जमिनीवर सांडलेले कूलंट चाटून कुत्री-मांजरे मरतात. चरकसंहितेच्या विमानस्थानात, रोगाचे ज्ञान कसे मिळवावे हे सांगणाऱ्या चौथ्या अध्यायात, वैद्याने जीभ सोडून बाकीच्या इंद्रियांनी रोग्याची परीक्षा करावी असे सांगितले आहे. शरीरातला गोडवा चाखून पाहायचा नाही, अंगावर माश्या येऊ लागल्या यावरून तो ताडायचा. जिथे इंद्रिय लावणे घातक किंवा अनुचित असते तिथे ज्ञान सोडून द्यायचे नसते, त्याचा मार्ग बदलायचा असतो, ही चरकाची दृष्टी गॅरेजलाही तंतोतंत लागू पडते.

अवघड भाग सुरू होतो तो काहीच दिसत नाही तेव्हा. ‘दिसत नाही, म्हणजे नाही’ हा निष्कर्ष कधी वैध असतो? भाट्ट मीमांसक अनुपलब्धीला, म्हणजे न दिसण्याला, स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घट नाही हे ज्ञान डोळ्याला मिळू शकत नाही, कारण डोळ्याचा संबंध जमिनीशी येतो, ‘नसण्या’शी येत नाही, म्हणून अभावाचे ज्ञान न दिसण्यातूनच होते, असे त्यांचे म्हणणे. नैयायिकांच्या मते अभावही प्रत्यक्षानेच कळतो आणि न दिसणे हे त्याचे साहाय्यक कारण असते. प्राभाकर मीमांसक अभाव नावाचा वेगळा पदार्थच मानत नाहीत. घट नसलेली जमीन म्हणजे नुसती जमीन. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने अनुपलब्धीला अनुमानाच्या तीन हेतूंपैकी एक केले. भांडण मोठे आहे आणि प्रत्येक पक्षाची बाजू तोलामोलाची आहे. पण अनुपलब्धीच्या जोरावर ‘नाही’ म्हणणाऱ्यांना एक अट मान्य करावीच लागते. ती अट योग्यतेची. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिती असेल तरच तिचे न दिसणे काही सिद्ध करते. काळोख्या खोलीत घट दिसला नाही, यावरून घट नाही असे ठरत नाही.

धर्मकीर्तीने ही अट आणखी स्पष्ट केली. जी वस्तू देशाने, काळाने किंवा स्वभावाने दूर आहे, तिच्या न दिसण्यातून अभावाचा निश्चय होत नाही, संशयच उरतो. कूलंटच्या गळतीत हे तिन्ही दुरावे एकाच गाडीत सापडतात. सिलिंडरच्या आतली गळती देशाने दूर असते, कारण ती लोखंडी भिंतीच्या पलीकडे असते. दाब चढल्यावरच उघडणारी चीर काळाने दूर असते. आणि वाफ होऊन गेलेले कूलंट स्वभावाने दूर असते. ते डोळ्यांसमोर असले तरी द्रव म्हणून दिसत नाही. कोरडी फरशी पाहून ‘लीक नाही’ असे सांगणारा मिस्त्री याच ठिकाणी चुकतो. त्याच्या डोळ्यांत दोष नसतो. न दिसण्याला जी योग्यता लागते ती त्याने तयार केलेली नसते.

चांगल्या निदानाची बहुतेक हत्यारे ही योग्यता निर्माण करणारी असतात. प्रेशर टेस्टर हा हातपंप थंड इंजिनाच्या रेडिएटरवर झाकणाच्या जागी बसवतात आणि झाकणावर छापलेल्या दाबाइतका दाब चढवतात. आता इंजिन थंड आहे, माणूस निर्धास्त वाकून पाहू शकतो, आणि तरीही चिरेवर गरम इंजिनातलाच दाब आहे. काळाचा दुरावा संपतो. दुसरा उपाय चमकणाऱ्या रंगाचा. कूलंटमध्ये थोडा रंग मिसळून गाडी काही दिवस चालवतात आणि मग अतिनील टॉर्च मारून पाहतात. पाणी उडून गेले तरी रंग मागे राहतो आणि पिवळसर हिरवा चमकतो. स्वभावाचा दुरावा संपतो. इतके करूनही बाहेर काही दिसले नाही, तर ते न दिसणे बोलके ठरते. तरी एक फट उरते: काही चिरा केवळ धातू तापून प्रसरण पावल्यावर उघडतात, तर काही क्लिपा थंडीत आकसल्यावर सैल होतात. थंड इंजिनावरचा दाब पहिल्या प्रकारच्या चिरेला योग्यता देत नाही. म्हणून टेस्टरचा काटा स्थिर राहिला, यावरून ‘गळती नाही’ असे म्हणता येत नाही. ‘थंड असताना या दाबाला गळती नाही’ एवढेच म्हणता येते.

आता दोन ज्ञाने समोरासमोर उभी राहतात. कूलंट कमी होत आहे हे एक. बाहेर कुठेही गळत नाही हे दुसरे. दोन्ही तपासून घेतलेली आहेत आणि दोन्ही एकत्र नांदत नाहीत. मीमांसकांचे अर्थापत्ती हे प्रमाण इथे येते. शास्त्रातली त्याची उदाहरणे देवदत्त नावाच्या माणसाची आहेत. देवदत्त जिवंत आहे हे ठाऊक आहे आणि तो घरात नाही हे दिसते आहे. तेव्हा तो बाहेर कुठेतरी आहे. दुसऱ्या उदाहरणात देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी लठ्ठ आहे. तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. पहिले उदाहरण विरोध सोडवते ते दुसरी जागा कल्पून, दुसरे सोडवते ते दुसरी वेळ कल्पून. न सापडणाऱ्या गळतीला हीच दोन उत्तरे असतात. ती एक तर दुसऱ्या जागी आहे, म्हणजे इंजिनाच्या आत, नाही तर दुसऱ्या वेळी आहे, म्हणजे गाडी धावत असताना. मीमांसकांनी यज्ञविधींच्या वाक्यार्थासाठी घडवलेले हे साधन यंत्राच्या निदानात इतके नेमके बसते, याचे कारण दोन्हीकडे प्रश्नाचा आकार एकच आहे: ज्यावर विश्वास आहे अशा दोन गोष्टी जुळत नाहीत, आणि दोन्हींपैकी एकही सोडता येत नाही.

अर्थापत्ती नेमकी कशाने हलते, याविषयी मीमांसकांतच दोन मते आहेत. कुमारिल भट्टाच्या मते दोन प्रमाणांतला वरवरचा विरोध मिटवण्यासाठी ती प्रवृत्त होते. ‘कुठेतरी आहे’ आणि ‘घरात नाही’ यांच्या मर्यादा आखून दिल्या की विरोध उरत नाही. प्राभाकर म्हणतात, घरात देवदत्त नाही हे पाहून तो जिवंत आहे या आधीच्या ज्ञानालाच संशयाचा धक्का बसतो, आणि तो बाहेर आहे ही कल्पना तो संशय दूर करते. प्राभाकरांचे हे निरीक्षण गॅरेजमध्ये विशेष उपयोगी आहे. बाहेर गळती सापडली नाही की आतली गळती गृहीत धरण्याआधी मुळातल्या ज्ञानावर संशय घ्यायला हवा: कूलंट खरोखर कमी होत आहे का? गरम कूलंट फुगते, त्यामुळे एकदा गरम इंजिनात आणि एकदा थंड इंजिनात पाहिलेल्या पातळ्यांची तुलना फोल असते. नुकतेच कूलंट बदलले असेल तर आत अडकलेली हवा हळूहळू बाहेर पडते आणि टाकीतली पातळी गळतीशिवायच उतरते. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेले असेल तर दाब धरला जात नाही, कूलंट लवकर उकळते आणि जादा द्रव टाकीच्या नळीतून रस्त्यावर जातो. तिथे पाइप, पंप, गॅस्केट सगळे शाबूत असतात. स्वस्त झाकण न तपासता महागडे हेड उतरवले जाते, हे या क्षेत्रातले टाळता येण्यासारखे मोठे नुकसान आहे.

नैयायिकांना अर्थापत्ती वेगळे प्रमाण म्हणून मान्य नाही. त्यांच्या मते ते व्यतिरेकी अनुमानच आहे: जो रात्रीही जेवत नाही आणि दिवसाही जेवत नाही तो लठ्ठ नसतो, हा लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही, म्हणून रात्री जेवतो. रचना म्हणून हे निर्दोष आहे. तरी शोधाच्या पहिल्या टप्प्यावर मीमांसकांचे वर्णन अधिक खरे वाटते. मिस्त्रीच्या मनात आधी व्याप्तीचे, म्हणजे ‘जिथे हे, तिथे ते’ अशा नियमाचे, वाक्य येत नाही. आधी विसंगती खुपते, आणि ती सुटेपर्यंत स्वस्थता मिळत नाही. अनुमानाचा साचा नंतर, दुसऱ्याला पटवताना येतो. पण अर्थापत्ती एवढेच सांगून थांबते की आत कुठेतरी किंवा दुसऱ्या वेळी. देवदत्त बाहेर आहे. तो शेतात आहे की देवळात, हे ती सांगत नाही. तिथून पुढचे सगळे काम अनुमानाचे आहे, आणि त्या कामात न्यायशास्त्राइतका कठोर सोबती दुसरा नाही.

धूर दिसला म्हणजे आग आहे, हे न्यायाचे नेहमीचे उदाहरण. मोटारीतही धूर दिसतो. हेड गॅस्केट फुटले की कूलंट सिलिंडरमध्ये शिरते आणि सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते. त्यामागची यंत्रणा अशी की ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब कूलंटच्या दाबाच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे तेव्हा गॅस कूलंटमध्ये घुसतो. गाडी बंद केली की उलटे होते: सिलिंडरमध्ये दाब नसतो, कूलंटमध्ये मात्र काही वेळ टिकतो आणि द्रव आत झिरपतो. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना इंजिन अडखळते आणि पांढरा लोट निघतो तो यामुळे. पण पांढरी वाफ दिसली म्हणजे गॅस्केट गेले, ही व्याप्ती खरी आहे का? थंड सकाळी प्रत्येक धडधाकट गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते, कारण पेट्रोल जळताना पाणी तयार होते आणि थंड नळीत त्याची वाफ बारीक थेंब होऊन दिसू लागते. व्याप्तीला व्यभिचार झाला.

सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त असा दोष उपाधीच्या कल्पनेने सांगितला आहे. हा छोटा ग्रंथ महाराष्ट्रातल्या संस्कृत विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना परिचित आहे. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांची १८९७ सालची मुंबईची आवृत्ती आजही वापरात आहे. आग आहे म्हणून धूर आहे असे कोणी म्हटले तर ते चूक, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात आग असते आणि धूर नसतो. मधे ओल्या इंधनाचा संबंध लागतो. साध्याला (जे सिद्ध करायचे त्याला) व्यापणारा पण हेतूला (ज्या खुणेवरून सिद्ध करायचे तिला) न व्यापणारा असा हा घटक म्हणजे उपाधी. पांढऱ्या वाफेच्या अनुमानात इंजिन पुरते तापल्यावरही वाफ टिकणे ही तशी उपाधी आहे. मोठी आतली गळती असेल तर वाफ टिकतेच. पण वाफ दिसली की ती टिकतेच असे नाही. ऑइल फिलरच्या झाकणाखाली दिसणाऱ्या ताकासारख्या फेसालाही हाच न्याय लावावा लागतो. ऑइलमध्ये कूलंट मिसळले की असा फेस होतो. पण पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या, कधीच नीट न तापणाऱ्या इंजिनातही हवेतल्या दमटपणाने तो होतो. डिपस्टिकवरचे ऑइलही दुधाळ असेल आणि त्याची पातळी वाढलेली असेल, तर हेतू पुष्कळ बळकट होतो. मुंबईच्या दमट हवेत एसी लावून उभ्या असलेल्या गाडीखाली पाण्याचे डबके होते, तेही असेच फसवे. ते हवेतले पाणी असते. त्याला रंग नाही, वास नाही, बोटांना बुळबुळीतपणा लागत नाही.

असे आक्षेप न्यायसूत्रांत आधीच नोंदलेले आहेत. नदीला पूर आला म्हणजे वर पाऊस झाला, या अनुमानावर पूर्वपक्षी म्हणतो की पाणी बांध घालून अडवले तरी नदी फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या तर पाऊस येणार असे म्हणावे, तर त्यांचे वारूळ कोणी मोडले असेल. मोराचा आवाज माणसाने काढलेला असेल. म्हणून अनुमान प्रमाणच नव्हे. सिद्धान्ती उत्तर देतो ते असे की या जागी हेतू नीट पाहिलेलाच नाही. पावसाने आलेल्या पुराला वेग असतो, फेस असतो, त्यात पाने, काटक्या आणि फळे वाहत येतात. दोष अनुमानाचा नाही, अनुमान करणाऱ्याच्या उतावळेपणाचा आहे. निदान शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे उत्तर विद्यार्थ्यासमोर ठेवावे इतके ते महत्त्वाचे आहे.

गॅस्केटच्या बाबतीत पाने-काटक्यांची जागा घेणारे विशेष हेतू आहेत. कूलंटमध्ये ज्वलनाचा गॅस शिरला आहे का, हे पाहण्यासाठी एका नळीत निळा द्रव भरून ती रेडिएटरच्या तोंडावर धरतात आणि आतली हवा त्यातून ओढतात. कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा किंवा हिरवट होतो. निरोगी व्यवस्थेत तो गॅस इतका असण्याचे कारणच नाही, म्हणून हा हेतू वाफेपेक्षा किती तरी पक्का आहे. चाचणीत चुकून कूलंटच नळीत ओढले गेले तर मात्र निकाल बाद होतो. स्पार्क प्लग काढून पाहिले आणि एकच प्लग इतरांपेक्षा विलक्षण स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखा निघाला, तर गळती कोणत्या सिलिंडरमध्ये आहे हेही कळते.

यापुढची वाट परिशेषाची. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने शेषवत् अनुमानाचा एक अर्थ असा दिला आहे: शक्य पर्याय मांडायचे, जे लागू पडत नाहीत ते वगळायचे आणि उरेल ते स्वीकारायचे. शब्द हा द्रव्य आहे, गुण आहे की कर्म, हे त्याने अशाच पद्धतीने ठरवले. होज नाही, रेडिएटर नाही, पंप नाही, झाकण नाही, म्हणजे गॅस्केट, असे मिस्त्री म्हणतो तेव्हा तो परिशेषच वापरत असतो. या पद्धतीचे बळ पूर्णपणे यादीच्या परिपूर्णतेवर अवलंबून असते, आणि तिचा घात तिथेच होतो. हीटरचा गाभा डॅशबोर्डमागे दडलेला असतो, म्हणून यादीतून सुटतो. अनेक डिझेल गाड्यांत एक्झॉस्टचा गॅस थंड करणारा ईजीआर कूलर असतो. तो आतून फुटला तर कूलंट थेट जळून जाते आणि सगळी लक्षणे गॅस्केटसारखी दिसतात. ब्लॉकच्या अंगावरचे वेल्श प्लग गंजतात ते मागच्या बाजूला, जिथे कोणाची नजर जात नाही. ऑइल कूलरच्या आत कूलंट आणि ऑइल यांच्यामध्ये एक पातळ पत्राच असतो. यादीत नसलेली गोष्ट वगळता येत नाही, आणि न वगळता उरलेल्याला ‘शेष’ म्हणता येत नाही.

जागा सापडली तरी निदान पुरे होत नाही. चरकाने सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला युक्ती हे चौथे साधन सांगितले आहे. पाणी, नांगरट, बी आणि ऋतू एकत्र आले की पीक येते. अशी अनेक कारणांच्या संयोगातून घडणारी गोष्ट ओळखणारी बुद्धी म्हणजे युक्ती. बौद्ध आचार्य शांतरक्षिताने युक्तीला वेगळे प्रमाण मानायला नकार दिला, आणि तर्काच्या वर्गवारीत त्याचे म्हणणे रास्तही असेल. पण वैद्याला आणि मिस्त्रीला युक्तीचे वेगळे नाव हवेसे वाटते, कारण त्यांच्यासमोर कार्याला एकच कारण असे क्वचितच असते. गॅस्केट गेले, कारण हेड तापून वाकले. ते तापले, कारण घाटात चढणीला रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता. तो फिरत नव्हता, कारण त्याचा रिले गेला होता. आणि कित्येक वर्षे कूलंटऐवजी नळाचे पाणी भरल्यामुळे आतल्या वाटा गंजाने अरुंद झालेल्या होत्या. यांतले एकटे कोणतेही कारण कदाचित पुरले नसते. नुसते गॅस्केट बदलले, हेडला फेसिंग केले नाही, रिले तसाच ठेवला, तर पुढच्या घाटात तीच गाडी पुन्हा तापते. कारणांची ही साखळी आयुर्वेदात संप्राप्ती म्हणून निदानाच्या पाच अंगांत मोजली आहे.

त्या पाच अंगांत उपशयही आहे: उपाय करून पाहायचा आणि त्याच्या परिणामावरून रोग ओळखायचा. झाकण बदलून आठवडाभर पातळी पाहणे हा उपशय आहे. तो स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे आणि पुष्कळदा निर्णायकही. पण एकामागून एक भाग बदलत जाणे हा उपशय नव्हे. उपशयात आधी संशयित ठरलेला असतो आणि परिणाम काय व्हायला हवा हेही ठरलेले असते.

गाडीच्या मालकाच्या बाजूने पाहिले तर यातले जवळजवळ सगळे ज्ञान शब्दप्रमाणावर उभे असते. ‘हेड उतरवावे लागेल’ हे वाक्य तो पडताळू शकत नाही. वात्स्यायनाने आप्त कोणाला म्हणावे हे सांगताना दोन गोष्टी मागितल्या: विषयाचे साक्षात ज्ञान आणि ते जसे आहे तसे सांगण्याची इच्छा. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सर्वांना सारखे लागू आहे, असेही त्याने स्पष्ट म्हटले. आप्तपणा जन्मावर किंवा पदवीवर ठरत नाही, हे त्या काळी इतक्या सरळपणे लिहिणे ही मोठी गोष्ट होती. पत्र्याच्या शेडमधला अनुभवी मिस्त्री या अर्थाने पूर्ण आप्त असू शकतो आणि चकचकीत सर्व्हिस सेंटरच्या खिडकीमागचा माणूस नसू शकतो. मालकाला पडताळता येते ते एवढेच की सांगणाऱ्याने पाहिले आहे का: दाबाचा काटा किती उतरला, निळा द्रव पिवळा झाला का, प्लग कोणता निघाला. जो हे दाखवू शकतो आणि दाखवायला तयार असतो, त्याच्यात आप्ताची दोन्ही लक्षणे दिसतात.

शेवटचा प्रश्न प्रामाण्याचा. झालेले ज्ञान खरे आहे हे कशावरून कळते? मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक ज्ञान पुढे आले किंवा ज्ञानसाधनात दोष सापडला, तरच त्याचे अप्रामाण्य ठरते. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून, म्हणजे त्या ज्ञानावर केलेली कृती यशस्वी झाल्यावर कळते. पाणी समजून गेलो आणि तहान भागली, तर ते पाणी होते. गाडीच्या बाबतीत सोपे उत्तर नैयायिकांच्या बाजूचे वाटते: दुरुस्तीनंतर पातळी टिकली, म्हणजे निदान बरोबर. पण यश ओळखायलाही काळ लागतो. गळती बुजवणारी भुकटी किंवा रस्त्यावर अडचणीत वापरली जाणारी हळदपूड रेडिएटरमध्ये टाकली तरी बारीक भोक तात्पुरते बुजते आणि पातळी टिकते, आणि तेवढ्या यशाने चुकीचे निदानही खरे ठरल्यासारखे दिसते. वर ती भुकटी हीटरच्या बारीक नळ्यांत अडकून नवा बिघाड करते तो वेगळाच. उलट बाजूला संशयाचाही शेवट हवा. उदयनाचार्याने ‘न्यायकुसुमांजली’त ही मर्यादा आखली: संशय घेणाऱ्याच्या स्वतःच्या कृतीशी जिथे विरोध येऊ लागतो, तिथे संशय थांबतो. धूर हवा म्हणून जो आग पेटवतो, त्याला धुराचे कारण आगच का, ही शंका प्रामाणिकपणे धरून ठेवता येत नाही. निळा द्रव पिवळा पडला, एकच प्लग धुतलेला निघाला आणि झाकण चाचणीत उत्तम ठरले, इतके झाल्यावरही हेड उघडायला कचरणारा माणूस अशाच निरर्थक शंकेत अडकलेला असतो.

या दोन्ही मतांना धरून चालणारी रीत कामातून ठरून गेलेली आहे. दुरुस्तीनंतर थंड इंजिनावर पुन्हा दाब चढवून काटा स्थिर राहतो का ते पाहतात. मग गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवतात, शक्य असेल तर चढणीवर, आणि पंखा आपोआप सुरू होतो की नाही याची खात्री करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना पातळी पाहतात आणि टाकीवर खूण करून ठेवतात. पहिल्या काही दिवसांतली थोडी घट अडकलेल्या हवेची असते, ती भरून काढून खूण नव्याने करतात. पुढचे काही आठवडे त्याच वेळी, तशाच थंड इंजिनावर, सपाट जागी ती खूण पाहिली जाते. खुणेखाली पातळी पुन्हा उतरू लागली, तर आधीची चीर नीट बुजली नाही की तिच्यामुळे झाकली गेलेली दुसरी चीर आता उघडी पडली, हा नवा संशय उभा राहतो, आणि त्याची सुरुवात पुन्हा झाकणापासून करायची असते.